कॅसेटवाले व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळायचे असतील तर

१९९० च्या दशकात आपल्याकडच्या अनेक घरांत टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट घालून खेळायचा जो व्हिडिओ गेम आला, तो बहुतेक वेळा एकाच जपानी यंत्राची नक्कल असे. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम विक्रीस आणला. पुढे त्याच्या चिप्सच्या नकला तैवानमध्ये तयार होऊ लागल्या आणि त्या नकलांवर उभी राहिलेली यंत्रे ‘टर्मिनेटर’सारख्या नाना नावांनी भारतातल्या दुकानांत पोहोचली. मारिओ, कॉन्ट्रा, बॅटल सिटी म्हणजे आपला ‘टँकवाला गेम’, रोड फायटर, सर्कस चार्ली, बॉम्बरमॅन हे सगळे आपण त्याच यंत्रावर खेळलो. हे खेळ आज पुन्हा खेळावेत, मुलांना दाखवावेत असे अनेकांना वाटते. परंतु मोबाइलवर मिळेल ते अॅप घेऊन, काचेवर बोटे घासत पाच मिनिटे खेळल्यावर ‘यात एवढे काय होते’ असे म्हणून ते बाजूला ठेवले जातात. दोष खेळाचाही नसतो आणि आठवणीचाही नसतो. ते खेळ एका विशिष्ट वेगासाठी, विशिष्ट पडद्यासाठी आणि अंगठ्याखाली दबणाऱ्या खऱ्या बटणांसाठी रचलेले आहेत, आणि या तीन गोष्टी जुळवून आणल्या तरच ते पुन्हा खेळल्याचे समाधान मिळते.

माळ्यावरचे जुने यंत्र

मूळ यंत्र घरात शिल्लक असेल तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी, मात्र ते थेट विजेला जोडू नये. सर्वात आधी अडॅप्टर पाहावा. या नकली यंत्रांना बहुधा ९ व्होल्ट डीसी पुरवठा लागतो, आणि तो आत ५ व्होल्टवर आणणारी ७८०५ ही चिप बहुतेक यंत्रांत असते. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर यंत्राच्या खालच्या बाजूला छापलेले व्होल्टेज आणि पिनच्या मध्यभागी धन टोक आहे की ऋण, हे दाखवणारी खूण पाहून तसाच दुसरा घ्यावा. अॅम्पिअरचा आकडा मूळच्या इतका किंवा त्याहून अधिक चालतो, पण टोके उलटी झाली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. खूण पुसली गेली असेल तर अंदाज न बांधता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे.

त्यानंतर कॅसेट. चालत नसलेल्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची ही आपल्या सर्वांची सवय होती, परंतु फुंकरीतल्या दमटपणाने पिनांवर गंज चढतो; कॅसेट चालू होई ती काढून पुन्हा घातल्यामुळे, कारण त्या हालचालीत पिना नव्याने टेकत. कानात घालण्याच्या कापसाच्या काडीवर किमान ९० टक्के तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. डाग अगदीच हटत नसेल तर पेन्सिलीचा खोडरबर एखाददुसऱ्या वेळी चालतो, पण तो पिनांचा मुलामाही थोडा थोडा खरवडतो, म्हणून त्याची सवय करू नये. नवी कॅसेट शोधणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा: आपल्याकडच्या कॅसेट फॅमिकॉमच्या पद्धतीच्या ६० पिनांच्या होत्या, तर अमेरिकेत आणि युरोपात एनईएस या नावाने विकल्या गेलेल्या त्याच्याच रूपाच्या कॅसेट ७२ पिनांच्या असतात. परदेशातून हौसेने मागवलेली ती कॅसेट आपल्या यंत्रात थेट बसत नाही. तिच्यासाठी मधला जोड वेगळा घ्यावा लागतो.

टीव्हीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. हे यंत्र जुन्या डबा टीव्हीवर सर्वात चांगले दिसते आणि सर्वात चांगले खेळता येते, कारण पिक्चर ट्यूबवर चित्र जवळजवळ त्याच क्षणी उमटते. अँटेनाच्या वायरीऐवजी पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरी जोडल्यास मुंग्या कमी होऊन चित्र स्वच्छ दिसते. आजच्या एलईडी टीव्हीत एव्ही जोड असला तरी तो टीव्ही आलेल्या चित्रावर प्रक्रिया करण्यात क्षणभर घालवतो, आणि बाजारात मिळणारे स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर त्यात भर घालून चित्रही धूसर करतात. बटण दाबल्यानंतर मारिओ जरा उशिरा उडी मारतो असे वाटू लागले तर कारण बहुधा हेच असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करावा. बराच फरक पडतो. डक हंट या बदके टिपण्याच्या खेळाची बंदूक मात्र एलईडीवर कोणत्याही सेटिंगने चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन त्या नेमक्या क्षणी पाहू शकला तर नेम लागला असे धरले जाते. उशिरा उमटणाऱ्या आणि वेगळ्या प्रकारे उजळणाऱ्या पडद्यावर हा हिशेबच कोलमडतो. डक हंटसाठी डबा टीव्ही हवाच, आणि त्याचे मागचे झाकण स्वतः उघडू नये. टीव्ही बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

संगणकावर खेळताना वेग तपासावा

जुने यंत्र नसेल तर इम्युलेटर हा मार्ग उरतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राच्या चिप्सचे वागणे हुबेहूब वठवणारा प्रोग्राम. संगणकासाठी मेसेन हा अतिशय अचूक आणि विनामूल्य इम्युलेटर आहे. मोबाइलवर रेट्रोआर्च वापरता येते. यंत्राची मूळ ताकद किती होती ते पाहिले म्हणजे हे वठवणे आजच्या साध्या संगणकालाही का जमते ते कळते: १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ किलोबाइट कामाची मेमरी आणि २५६ बाय २४० ठिपक्यांचे चित्र. १९८५ चा संपूर्ण सुपर मारिओ ब्रदर्स, त्याच्या ३२ स्टेज, चित्रे आणि संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाइलने काढलेला एक फोटोदेखील त्याच्या कित्येक पट जागा घेतो, आणि एवढ्याशा जागेत इतका खेळ बसवणाऱ्यांच्या कौशल्याविषयी मला अजूनही मनापासून आदर वाटतो.

आता वेगाची गोष्ट, जी बहुतेक मार्गदर्शनांतून सुटते. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर हे यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत असे. भारतात टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांची; त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकली यंत्रांत तोच जपानी खेळ काहीही न बदलता सेकंदाला ५० चित्रांनी चाले. खेळातली प्रत्येक हालचाल चित्रांच्या संख्येवर मोजलेली असल्याने सगळा खेळच सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगाने पुढे सरके. मारिओतल्या घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांनंतर उतरतो. म्हणजे ४०० वर सुरू झालेली वेळ अमेरिकेत सुमारे १६० सेकंदांत संपत असे आणि ५० चित्रांच्या यंत्रावर ती १९२ सेकंद पुरे. संगीताची चालही त्याच प्रमाणात संथ होई, परंतु त्या नकली चिपचा प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगानेच चालत असल्याने सूर मात्र उतरत नसे.

आज इम्युलेटर उघडल्यावर तो आपोआप ६० चित्रांवर चालतो, आणि लहानपणी डोळे मिटून पार केलेल्या दरीत आपण पुन्हा पुन्हा पडतो. यावर उपाय सोपा आहे. मेसेनच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडण्याची सोय आहे. तिथे एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० चित्रांची पद्धत) आणि पालबरोबर ‘डेंडी’ असाही पर्याय दिसतो. डेंडी हे १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राचे नाव आहे, आणि तो पर्याय निवडला की आपल्या आठवणीतला वेग आणि ओळखीचा सूर दोन्ही परत येतात. नुसते ‘पाल’ निवडू नये. युरोपातल्या अधिकृत यंत्राचा प्रोसेसरही हळू चालत असल्याने त्यात सूरही खाली येतो. माझा सल्ला असा की पहिले काही दिवस डेंडीवर खेळावे, हात बसू द्यावा आणि मग ६० चित्रांवर जावे, कारण खेळ रचणाऱ्यांनी योजलेला वेग शेवटी तोच आहे आणि कॉन्ट्राचा खरा थरार त्याच वेगात आहे.

बाकीच्या सेटिंगमध्ये फार शिरण्याची गरज नाही. चित्राचा आकार ४:३ ठेवावा. सोळा-नऊच्या पडद्यावर ते ताणले की मारिओ बुटका आणि जाडा दिसतो. एका आडव्या ओळीत आठाहून अधिक आकृत्या आल्या की मूळ यंत्रात त्यांतल्या काही लुकलुकत, आणि ते लुकलुकणे बंद करण्याची सोय इम्युलेटरमध्ये असते; ती बंदच ठेवलेली बरी, कारण काही खेळांनी आकृत्या लपवण्यासाठी याच मर्यादेचा जाणीवपूर्वक उपयोग केलेला आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते यूएसबीच्या चांगल्या रिमोटवर, म्हणजे खेळाच्या कंट्रोलरवर करावेत. अधिक चिन्हासारखी दिशेची कळ असलेला कोणताही साधा रिमोट चालेल. कीबोर्डवर खेळताना अनेक स्वस्त कीबोर्ड एकाच वेळी दाबलेल्या तीन-चार कळा नीट ओळखत नाहीत, आणि मारिओमध्ये पळत पळत उडी मारायला नेमक्या तेवढ्याच कळा लागतात. रिमोटवर अंगठ्याच्या टोकाने ‘बी’ दाबून ठेवायचा आणि अंगठा न उचलता त्याच्याच पेराने ‘ए’ दाबायचा, ही पकड पुन्हा बसवावी. ती बसली की निम्मा खेळ परत आला.

खेळाची प्रत कुठून घ्यावी

इम्युलेटर वापरणे ही एक गोष्ट आणि खेळाची फाइल मिळवणे ही वेगळी गोष्ट. हे खेळ जुने असले तरी त्यांच्यावरचे हक्क संपलेले नाहीत, त्यामुळे संकेतस्थळांवरून उतरवलेल्या प्रती बेकायदेशीर ठरतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रामची, तो नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा आहे. परंतु ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या आपल्या कॅसेट मुळातच विनापरवाना होत्या, त्यामुळे त्यांच्या प्रतीला ही मुभा लागू होईल असे मानता येणार नाही. (त्या कॅसेटमध्ये मोजकेच खेळ असत आणि तेच खेळ निराळ्या नावांनी, जास्त लाइफ देऊन किंवा पुढच्या स्टेजपासून सुरू करून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले असत.)

सुदैवाने अधिकृत मार्ग आहेत. कोनामीने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ काढले. ते संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेता येते आणि त्यात १९८७ च्या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरच्या) आवृत्तीबरोबर फॅमिकॉमची जपानी आवृत्तीही आहे, जिच्यात स्टेजच्या मध्ये नकाशा आणि छोटी दृश्ये दिसतात. बॅटल सिटी २०२० च्या ‘नामको म्युझियम आर्काइव्ह्ज’च्या दुसऱ्या भागात आहे. मारिओसाठी निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र आणि त्याची ऑनलाइन वर्गणी लागते. शिवाय याच जुन्या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ हा चौघांनी मिळून खेळायचा खेळ मारिओइतक्याच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे आणि त्याची इम्युलेटरवर चालणारी फाइल रीतसर विकत मिळते. ज्यांना कायद्याच्या बाजूने निर्धास्त राहायचे आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

खेळायला बसल्यावर

इम्युलेटरमध्ये हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवता येतो. ही सोय जपून वापरावी. दर उडीआधी साठवत गेल्यास खेळ तासाभरात संपतो आणि हाताला काहीच येत नाही. केवळ नव्या स्टेजच्या सुरुवातीला साठवावे, म्हणजे स्टेज मधूनच सुरू करण्याचा मोह टळतो आणि रात्री खेळ बंद करून उद्या पुढे जाता येते. मारिओत तर याचीही गरज नाही: सगळ्या लाइफ संपल्यावर पहिल्या पडद्यावर ‘ए’ दाबून ठेवून ‘स्टार्ट’ दाबले की ज्या वर्ल्डमध्ये (चार स्टेजच्या गटात) हरलो त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. आपल्यापैकी फार थोड्यांना ही युक्ती तेव्हा ठाऊक होती.

कॉन्ट्रा दोघांनीच खेळावा. पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असे दाबून, दोघांसाठी ‘सिलेक्ट’ आणि मग ‘स्टार्ट’ दाबले की प्रत्येकाला ३० लाइफ मिळतात. नव्याने शिकताना त्या जरूर घ्याव्यात. तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजमध्ये मात्र लाइफपेक्षा समजूतदारपणा उपयोगी पडतो: वर गेलेल्या खेळाडूबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो, म्हणून पुढे गेलेल्याने प्रत्येक पायरीवर थांबून जोडीदाराला वर येऊ द्यावे. ‘एस’ गन (गोळ्या पसरून सोडणारी बंदूक) मिळाली तर ती वारंवार मरणाऱ्याला द्यावी असे वाटते, पण मेल्याबरोबर बंदूक जाते, तेव्हा ती जास्त वेळ टिकणाऱ्याकडेच असू द्यावी.

लहान मुलांबरोबर खेळायचे असेल तर बॅटल सिटीसारखा दुसरा खेळ नाही. प्रत्येक स्टेजमध्ये शत्रूचे २० टँक येतात, आणि त्यांतला चौथा, अकरावा आणि अठरावा टँक लुकलुकत येतो. त्याला गोळी लागली की बक्षीस प्रकट होते. फावडे मिळाले तर आपण राखायच्या गरुडाभोवतीची विटांची भिंत काही काळ पोलादाची होते, तारे साठवत गेल्यास शेवटी पोलादही फोडता येते. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, फक्त काही क्षण जागीच खिळतो, त्यामुळे भांडण झाले तरी खेळ थांबत नाही. एकाने गरुडाजवळ राहून पहारा द्यावा आणि दुसऱ्याने वर जाऊन टँक निघतात तिथेच त्यांना गाठावे, एवढी वाटणी आधी करून घेतली की पहिल्या दहा स्टेज सहज होतात. त्यानंतर मुख्य पडद्यावरचा ‘कन्स्ट्रक्शन’ हा पर्याय मुलांच्या हाती द्यावा. त्यात विटा, पोलाद, पाणी आणि झाडी हवी तशी मांडून स्वतःची स्टेज तयार करता येते आणि लगेच ती खेळताही येते.