सहकाऱ्याची लबाडी आणि आपली सही

कचेरीतला प्रत्येक खोटेपणा आपणच निस्तरायचा नसतो. कोणी आजारपणाची रजा टाकून लग्नाला गेला, किंवा तुम्ही तयार केलेला तक्ता साहेबांपुढे स्वतःचा म्हणून ठेवला, तर मन चरफडते. पण त्यावर पुढच्या वेळी तो तक्ता आपणच थेट साहेबांना ईमेलने पाठवावा, एवढा उपाय बहुधा पुरतो. जेथे पैसा किंवा माल जागेवरून हलतो आणि त्या कागदावर तुमची सही लागते, तेथे मात्र गप्प बसून चालत नाही.

मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात असताना तेलाच्या १२ ड्रमांचे बिल माझ्याकडे आले. स्टोअरमधल्या सहकाऱ्याने माल मिळाल्याची पावती आधीच फाडून ठेवली होती आणि ‘तुमची सही तेवढी राहिली आहे, पार्टी पेमेंटसाठी मागे लागली आहे,’ असे तो दारातूनच म्हणाला. दुसऱ्याच एका गाडीची वेळ पाहण्यासाठी मी गेटवरचे आवक रजिस्टर मागवून घेतले होते, केवळ म्हणून तेलाच्या गाडीच्या ओळीवर नजर गेली. त्या गाडीतून ९ ड्रम उतरल्याची नोंद होती.

अशा वेळी चारचौघांत जाब विचारण्याचा मोह होतो, तो आवरावा. आकड्यांत तफावत दिसली म्हणजे चोरी सिद्ध झाली असे नव्हे. वॉचमनने अंक चुकीचा लिहिलेला असू शकतो, किंवा उरलेले ३ ड्रम दुसऱ्या खेपेत आलेले असू शकतात. म्हणून त्याच दिवशी तारीख, वेळ, बिलाचा क्रमांक, रजिस्टरचे पान आणि दोन्ही आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. ‘तीन ड्रम खाल्ले’ असा निष्कर्ष त्या वहीत लिहू नये, कारण उद्या ती वही चौकशीत समोर आली तर तुमच्या रागापेक्षा तुमचे आकडे अधिक कामाला येतात. कंपनीच्या फायली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवण्याची चूकही करू नये. मग त्याची चौकशी राहते बाजूला आणि तुमचीच सुरू होते.

त्या सहकाऱ्याला विचारावे की नाही, याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. माझ्या मते रक्कम लहान आणि चूक शक्य कोटीतली असेल तर एकदा, साध्या शब्दांत विचारावे: ‘बिलावर बारा आहेत, गेटवर नऊच दिसतात, बाकीचे तीन कुठे नोंदले आहेत?’ पण हाच प्रकार दुसऱ्यांदा घडला, किंवा रक्कम मोठी असली, तर त्याच्याशी बोलू नये, कारण कागद जुळवायला त्याला एक रात्र पुरते.

बिलच बनावट असल्याची शंका असेल तर काही गोष्टी जागेवरून न उठता तपासता येतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढची १० अक्षरे ही त्या व्यापाऱ्याचा पॅन असतात. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे दिसते. वेगवेगळ्या महिन्यांतल्या बिलांचे क्रमांक ओळीने लागलेले आढळले, तर त्या दुकानाला तुमच्या कंपनीखेरीज गिऱ्हाईकच नाही की काय, असा प्रश्न पडायला हवा.

सगळ्यांत जपायची ती स्वतःची सही. मागच्या तारखेची सही, कोऱ्या व्हाउचरवरची सही आणि ‘जरा तुमच्या लॉगिनने एंट्री मारतो’ ही विनंती, तिन्ही सारख्याच धोक्याच्या आहेत. नकार देताना भांडण काढावे लागत नाही. ‘माल मी पाहिलेला नाही, तेव्हा पाहून सही करतो,’ एवढे म्हणणे पुरते. वरिष्ठांनी तोंडी आदेश दिला असेल, तर ‘आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्यांनाच दोन ओळींचा ईमेल करावा.

तक्रार लेखी आणि योग्य माणसाकडेच करावी. थेट वरिष्ठच सामील असल्याची शंका असेल तर त्यांच्या वरच्याकडे जावे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवावीच लागते आणि तसेच कारण असेल तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. सरकारी कार्यालयात लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या अपवादांत आहे. तोच मजकूर ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर या अपवादाचा आधार मिळणे कठीण.

तक्रारीनंतरही त्या माणसाशेजारीच बसून काम करावे लागते, आणि ते दिवस अवघड जातात. कामापुरते बोलावे, डब्याच्या वेळी तो विषय काढू नये आणि इतरांनी खोदून विचारले तरी वरिष्ठांकडे बोट दाखवावे. आमच्याकडे चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्यांनी मला समोर बोलावून ड्रमांविषयी काही विचारण्याआधी ती पावती पुढे सरकवली आणि माझ्या नावाखालच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवून, ‘येथे सही का केली नाही?’ असे विचारले. मी वहीतले ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले.