मंडळीतल्या माणसांना सेवेला कसं उभं करावं

मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचं, रजिस्टर काढा, पाळकसाहेबांशी (पास्टरांशी) बोला, प्रार्थना करा. मग सहा महिन्यांत उपासनेला न दिसलेली आपलीच दोन-तीन घरं निवडा. मंडळीच्या वाढीची सुरुवात तिथून करायची. नवा माणूस आला तर त्याच्या शेजारी बसायला आधी आपली माणसं हवीत.

खरं अवघड काम पुढे आहे : विचारणं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी. सुरुवातीला मी दर रविवारी उपासनेत जाहिरात द्यायचो, "ज्यांना सेवा करायची आहे त्यांनी नावं द्यावीत." नावं यायची ती तीच पाच. मंडळी थंड पडली म्हणून मी चिडायचो, पण चूक माझीच होती. सगळ्यांना एकदम सांगितलं की ज्याला-त्याला वाटतं, कुणीतरी करेल.

जाहिरात बंद करा आणि घरी जा. दारात उभ्या उभ्या विचारू नका; बसा, चहा घ्या. एकच काम सांगा, वार आणि वेळ धरून. "महिला मंडळात येत जा" याला कुणी काय उत्तर देणार? "बुधवारी सहाला दवाखान्यात आजींना भेटायला चला, अर्ध्या तासात परत येऊ," याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आमच्याकडच्या गिरणीवाल्या मावशी कायम मागच्या बाकावर बसायच्या, कारण चारचौघांत प्रार्थना करायची त्यांना भीती. मी म्हटलं, "मावशी, बोलायचं काही नाही. बाळंतिणीकडे डबा न्यायचाय, माझ्या बायकोबरोबर जाल का?" पिठाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "एवढंच ना?" पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "आता कुणाकडे जायचं?"

विचारून झालं की गप्प बसा. नाही म्हणाले तर सलाम करून निघा. "देवाचं काम आहे, नाही कसं म्हणता?" हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. मी ते एकदा म्हटलं आणि त्या घराने उपासनेला येणंच सोडलं. त्यांना परत यायला दोन वर्षं लागली.

पाठवताना दोघे दोघे पाठवा. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात प्रभू येशूने तसंच केलं. एक जुना, एक नवा.

मंडळीबाहेरच्या घरी मदत न्याल तर तिला कसलीही अट नको, आणि आजाऱ्याच्या खाटेशी पत्रकं तर मुळीच वाटू नका. कुणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने बोला. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मिळाला तो रेल्वेत, राजनांदगावला जाताना, एका सहप्रवाशाशी झालेल्या गप्पांतून. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. मधला काळ त्यांनी वाचलं, तपासलं, शंका काढल्या. माणसाला तेवढा वेळ लागतो, तो द्या.

ज्यांना बोलणं जमत नाही त्यांना भजनात पेटी, ढोलकी, टाळ द्या.

कोण कुठे गेलं ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून कसं झालं ते नीट ऐकून घ्या. त्याच फोनवर पुढचं काम सांगू नका.