भूविज्ञानात जायचंय? आधी त्या कामाचा दिवस पाहून घ्या

भूविज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातोडा आणि डोंगर येतो. मी बोअरिंगच्या कामावरचा भूवैज्ञानिक. माझा हातोडा महिनोन्‌महिने पिशवीतून बाहेर येत नाही. म्हणून कुणी विचारलं, की सांगतो: शाखेच्या नावावर जाऊ नका, त्या शाखेतल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघा.

माझा दिवस असा. बोअरमधून निघालेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, पेटीत ओळीनं मांडलेले असतात. ते पाण्यानं ओले करायचे, मग खरा रंग आणि भेगा दिसतात. दहापट भिंगातून कण बघायचे. कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाची शंका आली तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. फसफसलं की कळतं. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब, धड तुकड्यांच्या लांबीची बेरीज करून ती बोअरच्या तेवढ्या टप्प्याची किती टक्के भरते ते काढायचं. खडक किती अखंड आहे याचा अंदाज त्यावरून येतो, आणि धरण किंवा बोगदा बांधणारा अभियंता पहिल्यांदा हाच आकडा मागतो. कंटाळवाणं वाटलं? मग हे काम तुमचं नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

कारण दारं पुष्कळ आहेत. भौतिकशास्त्र आवडत असेल तर भूभौतिकी. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये पृथ्वीचा आंतरगाभा शोधला तो भूकंपलहरींच्या नोंदी तपासून. त्यासाठी कुठे खणावं लागलं नाही. रसायनात रमत असाल तर झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम आणि शिशावरून खडकाचं वय काढणारी प्रयोगशाळा आहे. जीवशास्त्रवाल्यांना सूक्ष्मजीवाश्म आहेत. तेलविहिरीत कोणत्या काळाचा थर लागला, हे त्यावरून ओळखतात.

कुठली चव लागते ते पाहायला प्रवेश घेण्याची वाट बघू नका. अमेरिकेच्या यूएसजीएस या सरकारी भूवैज्ञानिक संस्थेची भूकंपांची यादी कुणालाही फुकट मिळते, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही. जपानच्या आसपासचे भूकंप उतरवा आणि खोलीनुसार रंग द्या. सागरी गर्तेजवळ उथळ, पश्चिमेला जावं तसे खोल, असे पट्टे दिसतील. ती जपानच्या खाली सरकणारी पॅसिफिक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा एक प्रचंड तुकडा. असले भूकंप जवळजवळ ७०० किलोमीटर खोलीपर्यंत होतात. हे करताना जेवायचं भान राहिलं नाही, तर संगणकाच्या बाजूचं काम तुम्हाला मानवेल.

पदवीत खनिजशास्त्र, खडकशास्त्र, संरचना, स्तरविज्ञान हे येणारच. माझं मत विचाराल तर नकाशा तयार करण्याचं क्षेत्रकार्य ज्या अभ्यासक्रमात नावापुरतं आहे तो टाळा. थराचा स्ट्राइक आणि डिप, म्हणजे त्याची दिशा आणि उतार, कंपासनं स्वतः मोजल्याशिवाय त्रिमितीत विचार करायची सवय लागत नाही. गणित सोडू नका, पायथन ही संगणकाची भाषा थोडी शिकून घ्या. पीएचडी मात्र संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तरच. नुसती नोकरी लांबवायला नको.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तेल आणि खाणींमधली भरती बाजारभावाबरोबर वरखाली होते. मंदीत चांगली माणसंही घरी बसतात. त्या वाटेला जाणार असाल तर भूजल किंवा भूतांत्रिक, म्हणजे बांधकामाखालच्या जमिनीच्या, कामाचा एखादा विषय पदव्युत्तर शिक्षणातच घेऊन ठेवा.