क्वांटम फील्ड थिअरी ‘उभी राहते का’ यावर भांडताना या चुका टाळा

रविवारी सकाळी कॉलेज रोडला आमचा पाच-सहा जणांचा फिजिक्सचा अभ्यासगट बसतो. तिथे हटकून प्रश्न निघतो: अवकाश सलग धरलं, तर क्वांटम फील्ड थिअरी, म्हणजे कणांना सगळीकडे पसरलेल्या क्षेत्रांची कंपनं मानणारी थिअरी, गणितात बसते, की सगळा जुगाड आहे?

सलग अवकाशाऐवजी ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची जाळी, म्हणजे लॅटिस, घेतली तर फारशी अडचण नसते. घोळ होतो जाळी बारीक करताना. परवा निफाडहून येणाऱ्या पोराने बिंदूंमधलं अंतर, म्हणजे जाळीच्या घराचा आकार, कमी केलं आणि बाकी आकड्यांना हातच लावला नाही. मी आलेखाचा कागद पुढे ओढला. घर १ मिलिमीटरचं, आणि एका बिंदूचा परिणाम साधारण १० घरांपर्यंत जाणवतो. म्हणजे १० मिलिमीटर. आता घर अर्ध्या मिलिमीटरचं कर. घरं दहाच, लांबी मात्र ५ मिलिमीटर. कणाचं वस्तुमान या लांबीच्या व्यस्त प्रमाणात.

“सर, म्हणजे कण दुप्पट जड झाला की!”

होणारच. अंतर घटेल तसं मूळ वस्तुमान आणि कपलिंग (परस्परक्रियेचा जोर) नव्याने जुळवायचं, म्हणजे घरं २०, ४०, ८० होतील आणि लांबी १० मिलिमीटरच राहील. या जुळवणीलाच रीनॉर्मलायझेशन म्हणतात; तिचा गाभा हा आहे. ‘हिशोबात येणारे अनंत आकडे लपवायची युक्ती’ म्हणून त्याची टिंगल करणाऱ्यांनी हा कागद एकदा स्वतः भरून बघावा.

दुसरी चूक, सगळ्या थिअऱ्यांना एकाच मापाने मोजणं. कोणती थिअरी आणि किती मिती, हे आधी विचारा. फाय-फोर थिअरी (क्षेत्राच्या चौथ्या घातातून परस्परक्रिया येणारा साधा नमुना) स्थळकाळाच्या दोन मितींत ग्लिम आणि जॅफी या गणिती भौतिकशास्त्रज्ञांनी काटेकोर उभी केली. १९७०च्या दशकात तीन मितींतही जमलं. चार मितींत मात्र जाळी कितीही बारीक करा, शेवटी परस्परक्रियाच उरत नाही. कण एकमेकांना ओळख न देता निघून जातात. आयझेनमन आणि ड्युमिनिल-कोपां यांची ही सिद्धता २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. यांग-मिल्स थिअरीचं (अणुकेंद्रातल्या प्रबळ बलाच्या वर्णनाचा पाया) उलट: तिथे अंतर घटेल तसं कपलिंग ढिलं पडतं, हे १९७३ मध्ये कळलं. त्यामुळे ती टिकेल असं बहुतेकांना वाटतं, पण सिद्धता नाही. क्ले गणित संस्थेने या सिद्धतेसाठी २००० मध्ये लावलेलं १० लाख डॉलरचं बक्षीस अजून तसंच पडून आहे.

शेवटची चूक: विद्युतभारांच्या क्वांटम थिअरीत उत्तर विद्युतभाराच्या वर्गाच्या घातांची मालिका मांडून काढतात. तिथे ‘प्रयोगाशी इतके दशांश जुळतात, म्हणजे मालिकेची बेरीज होतच असणार’ हेही म्हणू नका. पहिली काही पदं झकास जुळतात, एवढंच. भौतिकशास्त्रज्ञ डायसनने १९५२ मध्येच खोच दाखवली होती: विद्युतभाराचा वर्ग उणे धरला तर सारखे भार एकमेकांना ओढतील आणि निर्वात टिकणारच नाही, मग शून्याच्या दोन्ही बाजूंना लागू पडायला हवी अशी ती मालिका एका आकड्याकडे एकवटेल कशी?