गोव्याहून दूर समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या नौकेसाठी लांब पल्ल्याचा रेडिओ: निवड, परवाने आणि वापर

मांडवीच्या मुखातून बाहेर पडून किनाऱ्याच्या नजरेत राहत कारवार किंवा मालवण गाठणाऱ्या नौकेचे काम व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर भागते. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जात असल्यामुळे, पंधरा मीटर उंच डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेल्या दोन नौकांना साधारण पंधरा ते सतरा सागरी मैलांपर्यंत एकमेकींशी बोलता येते. गोव्याहून कवरत्ती सुमारे तीनशे सागरी मैल, माले पावणेसातशेच्या आसपास आणि सेशेल्समधील माहे सोळाशेहून अधिक दूर आहे. या वाटांवर व्हीएचएफ केवळ समोरून येणाऱ्या जहाजाला हाक मारण्यापुरता उरतो आणि लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओचा विचार करावा लागतो. हा विचार बहुतेक जण यंत्राच्या किमतीपासून किंवा वॅटपासून सुरू करतात. तो दोन प्रश्नांपासून सुरू करावा, असे माझे मत आहे: संकटात पलीकडून कोणी उत्तर द्यायला हवे आणि त्याच्याशी बोलण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला कोणत्या परवान्याने मिळतो?

भारतात वायरलेस यंत्र नुसते बाळगण्यासाठीही परवानगी लागते. ही तरतूद १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आली आहे आणि आता टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही बिनपरवाना रेडिओ यंत्राला मोकळीक नाही. म्हणून परदेशातून स्वस्तात मिळालेला सेट आधी बसवून कागदपत्रे नंतर पाहण्याचा क्रम धोक्याचा आहे. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, नौकेवरील रेडिओ स्थानकाचा परवाना देते आणि त्यासाठीचे अर्ज सरल संचार पोर्टलवर स्वीकारले जातात. अर्जात नौकेची नोंदणी आणि बसवायच्या प्रत्येक यंत्राचा तपशील लागतो, तेव्हा नोंदणीचे काम त्याआधीच पूर्ण झालेले असावे. कॉल साइन आणि नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक ही नौकेची रेडिओवरची ओळख असते. भारतीय नौकांचा एमएमएसआय ४१९ ने सुरू होतो. दुसऱ्या देशात नोंदलेली जुनी नौका विकत घेतली असेल, तर तिच्या डीएससी यंत्रात (बटण दाबताच संकटाची सूचना आपोआप पाठवणाऱ्या) आणि ईपर्बमध्ये (उपग्रहामार्फत संकट कळवणाऱ्या यंत्रात) आधीच्या मालकाचा क्रमांक राहिला नाही ना, हे तपासावे, कारण तसे असल्यास शोधपथक भलत्याच माणसाच्या घरी फोन लावत बसेल.

यंत्राच्या परवान्याखेरीज ते चालवणाऱ्या व्यक्तीचे प्रमाणपत्र वेगळे लागते. केवळ व्हीएचएफच्या टप्प्यातील समुद्रासाठी जीएमडीएसएसचे, म्हणजे जागतिक सागरी संकट व सुरक्षा संपर्कव्यवस्थेचे, मर्यादित प्रमाणपत्र असते, तर एमएफ (मध्यम वारंवारिता) आणि एचएफसह सर्व सागरी क्षेत्रांसाठी जनरल ऑपरेटर प्रमाणपत्र असते. हौशी नाविकाला हा अभ्यासक्रम जड वाटतो खरा, पण डीएससीची खोटी सूचना कशी रद्द करायची किंवा दुसऱ्याच्या संकटसंदेशाच्या वेळी आपण केव्हा गप्प राहायचे, या गोष्टी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतून अंगवळणी पडत नाहीत.

आता हॅम, म्हणजे हौशी रेडिओकडे वळू, कारण गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. हॅमचा परवाना डब्ल्यूपीसीच देते आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही त्याची परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची अट नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. कॉल साइनचा व्हीयू३ हा उपसर्ग पहिल्या श्रेणीचा आणि व्हीयू२ दुसरीचा. १४.३०० मेगाहर्ट्झवर दर्यावर्दी हौशींच्या नेट, म्हणजे रेडिओवरच्या बैठका, भरतात आणि तिथे दूरच्या नौकेला आपले ठिकाण कळवता येते, हवामान विचारता येते, शिवाय एकाकी पहाऱ्यात माणसाचा आवाज ऐकता येतो, ज्याचे मोल प्रवासाला गेल्याशिवाय कळत नाही. परंतु हॅमचा परवाना घराच्या पत्त्यावर असतो. नौकेवरून प्रक्षेपण करण्यासाठी स्वतंत्र परवानगी आणि नौकेच्या कप्तानाची संमती घ्यावी, दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरल्यावर तिथले नियम लागू होतात, आणि धंद्याचे बोलणे हॅमवर कुठेही चालत नाही. पर्यटकांना भाड्याने फिरवणाऱ्या नौकेने पुढच्या गिऱ्हाईकाची वेळ हॅमवर ठरवली, तर तो सरळ नियमभंग आहे.

हॅमचा सेट ‘उघडून’ म्हणजे त्यातील मर्यादा काढून तो सागरी वारंवारितांवर चालवण्याचा सल्ला धक्क्यावर सर्रास मिळतो. रोजच्या वापरासाठी तो मानू नये, कारण असा सेट सागरी सेवेसाठी मंजूर नसतो आणि त्यात डीएससी नसते. प्रत्यक्ष जीव धोक्यात असताना मात्र मदत मिळवण्यासाठी हाती असेल ते कोणतेही साधन वापरण्यास आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम आडकाठी करत नाहीत. माझ्या मते किनाऱ्यापासून दोनशे मैलांपलीकडे जाणाऱ्याने डीएससी असलेला सागरी एसएसबी सेट, म्हणजे सागरी सेवेसाठी मंजूर एचएफ रेडिओ, घ्यावा आणि हॅमचा परवाना जोडीला ठेवावा. पैसा एकाच गोष्टीला पुरत असेल, तर आधी ईपर्ब घ्यावा. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा हा संकटदर्शक बंगळुरू येथील इस्रोच्या केंद्रात नोंदवावा लागतो.

उपग्रह फोनचा पर्याय अनेकांच्या मनात असतो. भारतात थुराया आणि इरिडियम या उपग्रहसेवांचे फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. अधिकृत मार्ग बीएसएनएलमार्फत इन्मारसॅट या उपग्रहसेवेचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर सामानात उपग्रह संदेशयंत्र सापडल्यामुळे एका परदेशी प्रवाशाला अडवले गेले होते आणि तसे यंत्र गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत सहज मावेल एवढे लहान असते. परदेशातून मुरगावला येणाऱ्या नौकेने असे यंत्र असल्यास ते आगमनापूर्वीच एजंटामार्फत जाहीर करावे.

सेट निवडल्यानंतर खरा कस बसवण्यात लागतो. शिडाच्या नौकेवर डोलकाठीला मागून आधार देणारी तार, म्हणजे बॅकस्टे, वर आणि खाली इन्सुलेटर घालून अँटेना म्हणून वापरतात. खालचा इन्सुलेटर माणसाचा हात पोहोचणार नाही इतका उंच हवा, कारण प्रक्षेपण चालू असताना तार हाताला भाजते. तारेची लांबी ठरवताना नेहमीच्या वारंवारितेची अर्धी तरंगलांबी टाळावी. उदाहरणार्थ १२ मेगाहर्ट्झवर जास्त बोलायचे असेल, तर बारा मीटरच्या आसपासची तार स्वयंचलित ट्यूनरला, म्हणजे तार आणि सेट यांचा मेळ घालणाऱ्या यंत्राला, जड जाते. ट्यूनर तारेच्या तळाशी बसवावा आणि तिथून तांब्याची रुंद पट्टी समुद्राच्या पाण्याशी संपर्क असलेल्या धातूपर्यंत न्यावी. खारे पाणी ही उत्तम भू-जोडणी आहे, परंतु फायबरच्या नौकेत तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्यालाच करून द्यावी लागते. दीडशे वॅटचा सेट बोलताना बारा व्होल्टवर पंचवीस-तीस अँपिअर ओढतो. तारा बारीक असल्या की व्होल्टेज पडते आणि पलीकडच्याला आवाज फाटका ऐकू येतो. गोव्याच्या पावसाळ्यात तांबे हिरवे पडायला एक हंगाम पुरतो, म्हणून सगळे सांधे स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून दरवर्षी उघडून पाहावेत.

वारंवारितेची निवड सूर्यावर चालते. दिवसा हजार मैलांपलीकडे १२ किंवा १६ मेगाहर्ट्झ, काहीशे मैलांसाठी ८, आणि रात्री ४ ते ८ असा ढोबळ हिशेब धरावा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीवर गडगडाट सुरू झाला की ४ मेगाहर्ट्झवर नुसती खरखर ऐकू येते. अशा वेळी वाट पाहावी किंवा वरच्या पट्ट्यात जावे. हवामानाचे आणि नौकानयनाचे इशारे ऐकण्यासाठी ५१८ किलोहर्ट्झचा नॅव्हटेक्स रिसीव्हर, म्हणजे असे इशारे मजकुराच्या रूपात टिपणारे यंत्र, वेगळा ठेवावा. वेंगुर्ल्याचे केंद्र गोव्याला जवळ पडते. बंदरात किंवा नदीत नांगरलेले असताना एचएफवर बोलण्याआधी बंदर अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. आसपास नौदलाची ठाणी आहेत, हे लक्षात असू द्यावे.

बॅकस्टेच्या अँटेनाचा एक मोठा दोष असा, की डोलकाठी पडली की अँटेनाही जाते. दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, तेव्हा पाठीला जबर दुखापत झालेले, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी उपग्रहावरून मजकूर पाठवू शकले आणि २४ तारखेला त्यांची सुटका झाली. म्हणून रेलिंगला उभी करता येईल अशी वेगळी व्हिप, म्हणजे छडीसारखी, अँटेना बरोबर ठेवावी आणि ती निघण्याआधी एकदा जोडून पाहावी.

संकटात डीएससीचे लाल बटण यंत्राच्या सूचनेप्रमाणे दाबून धरावे. ८४१४.५ किलोहर्ट्झवर सूचना गेली असेल, तर बोलणे ८२९१ वर करायचे असते. ४२०७.५ साठी ४१२५ आणि १२५७७ साठी १२२९० या जोड्या आहेत. भारतीय शोधक्षेत्राच्या पश्चिम भागात मुंबईचे तटरक्षक समन्वय केंद्र अशा सूचनांवर कारवाई करते आणि किनाऱ्यावरच्या नातेवाइकांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. नौकेवरील सगळेच इंग्रजीत सराईत नसतात, त्यामुळे ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, नौकेचे नाव, कॉल साइन, एमएमएसआय, स्थान, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या हा क्रम देवनागरीत लिहिलेले, पाण्याने न भिजणारे कार्ड सेटशेजारी चिकटवावे आणि निघण्यापूर्वी प्रत्येक सोबत्याकडून, बटणाला हात न लावता, ते मोठ्याने वाचून घ्यावे.