कमी बजेटचा प्रोसेसर: निवडायचा कसा आणि थंड ठेवायचा कसा

गेल्या मे महिन्यात दाजींचा फोन आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, बाजूच्या खोलीत एक पोरगा ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढतो. "कॉम्प्युटर सेकंड हँड घेतलाय, पण आठ कोरचा हाय! सकाळी पळतोय बघ. दुपारी दोन वाजले की मान टाकतोय."

जाऊन बघितलं. कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलेलं, कप्प्याला दार, दाराला कडी. आतला प्रोसेसर दहा वर्षांहून जुना, १२५ वॅटचा. त्याच्यावरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धूळ आणि तेलाचा चिकटा मिळून वाकळेसारखा थर बसलेला. आठ कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग, होते खरे. पण ऑटोकॅडमध्ये साधं ड्रॉइंग काढायला त्यातला जेमतेम एकच लागतो.

म्हणून पहिली पायरी दुकानात जायच्या आधीची आहे. घरी बसून कागदावर लिहा: या मशीनवर दिवसभर काय चालणार? टॅली, बिलं, जीएसटी, ब्राउझर एवढंच असेल तर चार कोर भरपूर. इंटेलचा आय३-१२१०० पुष्कळ वर्षं पुरेल. कॅड ड्राफ्टिंगला कोर कमी चालतील, पण एकेक कोर वेगवान हवा. लग्नाचे व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, थ्रीडी रेंडरिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं ही कामं मात्र मिळतील तेवढे कोर वापरतात. इथे सहा कोर-बारा थ्रेडच्या (एक कोर एका वेळी दोन कामं हाताळतो, तेव्हा सहाचे बारा थ्रेड) खाली जाऊ नका.

दुसरी पायरी, कोर मोजण्याची. इथेच माणूस फसतो, कारण कोर म्हणजे काय हे कंपनी ठरवते. एएमडीच्या एफएक्स मालिकेचं उदाहरण घ्या. २०१२ चा एफएक्स-८३५० आठ कोरचा म्हणून विकला गेला, पण त्यात दोन-दोन कोरांची जोडी होती आणि दशांशाची गणितं करणारा भाग प्रत्येक जोडीत एकच, दोघांत वाटून घेतलेला. एका चुलीवर दोन सुना! अमेरिकेतले ग्राहक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीनं १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली. आजची फसगत वेगळी आहे. इंटेलच्या आय५-१३४०० वर दहा कोर लिहिलेले असतात. त्यातले सहा दमदार आणि चार हलक्या कामाचे. प्रोसेसर वाईट नाही, पण 'दहा विरुद्ध सहा' अशी सरळ तुलना करू नका. स्वस्त जुन्या झिऑनचे (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर) सेटही असेच भुलवतात: कोर ढीगभर, पण एकेकाचा वेग मंद आणि मदरबोर्डाची खात्री नाही.

माझं मत विचाराल तर कमी बजेटमध्ये दोनच नावं आधी बघावीत: इंटेल आय५-१२४००एफ किंवा एएमडी रायझन ५ ५६००. दोन्ही २०२२ मध्ये आलेले, सहा कोर, बारा थ्रेड. त्या 'एफ'कडे लक्ष द्या. एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहणार. रायझन ५६०० चंही तेच. कार्ड घ्यायचं नसेल तर एफ नसलेला १२४०० किंवा रायझन ५ ५६००जी घ्या. ५६००जी मध्ये ग्राफिक्स मिळतं, मात्र कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ३२ एमबीच्या जागी १६ एमबी.

मदरबोर्डाचं थोडक्यात सांगतो. ५६०० जुन्या बी४५० बोर्डावर बसतो, पण बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) आधी अपडेट केलेला लागतो. १२४०० चे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. दोन्ही एकत्र चालत नाहीत, तेव्हा बोर्डाचा डबा वाचूनच रॅम घ्या.

आणि डबाबंद प्रोसेसर घ्या, ट्रेचा नको. ट्रेचा प्रोसेसर नुसत्या प्लास्टिकच्या पुडीत येतो, चार पैसे स्वस्त पडतो. त्यात कूलर नसतो आणि कंपनीची थेट वॉरंटीही बहुधा नसते. वरच्या दोन्हींच्या डब्यात कूलर येतो. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कुठेही घ्या, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

आता थंड ठेवण्याचं. दाजींना हीटसिंक हातात दिला तर म्हणाले, "ही तर आमच्या एअर-कूल इंजिनाच्या हेडची पाती!" अगदी बरोबर. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा गाभा उष्णता ओढून घेतो, पाती ती पसरवतात, पंखा हवेत सोडतो. डब्यावरच्या वॅटला मात्र भुलू नका. १२४०० वर ६५ वॅट लिहिलंय, पण सगळे कोर एकदम जुंपले की तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ५६०० सुद्धा ६५ चाच, तो साधारण ७६ वर थांबतो. डब्यातला कूलर हे निभावतो, आवाज करत का होईना. तासन्‌तास रेंडरिंग असेल तर चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. या वर्गात पाण्याचा कूलर घेणं म्हणजे सायकलला एअरबॅग.

दाजींसाठी आम्ही १२४०० घेतला आणि बसवायला मी बसलो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) त्रिकोणाशी जुळवायचा, हलकेच ठेवायचा, दाबायचा नाही. डब्यातल्या कूलरच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावूनच येते, वर आणखी थापू नका. कूलर वेगळा घेतला असेल तर वाटाण्याएवढा एक ठिपका मधोमध. दाबानं तो आपोआप पसरतो. मग इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी आधी, मग दुसरी जोडी. प्रत्येकीचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावायची.

मशीन चालू केलं, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच लावलं, आणि एका मिनिटात तापमान १०० अंश! ही या प्रोसेसरची शेवटची मर्यादा. तिथे पोचला की जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. दाजी माझ्याकडे बघत होते, मी हीटसिंककडे. बंद केलं, बोर्ड उचलून मागून टॉर्च मारला. तीन खुंट्यांची काळी टोकं पलीकडे फाकलेली दिसत होती, चौथी भोकातच अडकलेली. चूक माझीच. कूलर काढला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवा ठिपका लावून पुन्हा बसवला. या वेळी ७४ वर स्थिरावला.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (५६०० यातच बसतो) खोड वेगळी. तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि पेस्ट वाळली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो. मी एकदा असा उपटलाय. मग पेन्सिलीच्या टोकानं वाकलेल्या पिना सरळ करत अख्खी रात्र गेली. काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

राहिली हवेची वाट. कूलर उष्णता फक्त चिपवरून उचलून कॅबिनेटमध्ये टाकतो; तिथून ती खोलीत जायला हवी. पुढून थंड हवा आत, मागून गरम बाहेर, असे निदान दोन पंखे लावा. पुढून सपाट काच असलेलं रंगीबेरंगी कॅबिनेट टाळा, जाळीचं घ्या. दाजींच्या टेबलाचं दार आम्ही बिजागरीसकट काढलं आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. एक हिशेब ध्यानात ठेवा: खोली जितके अंश तापेल, साधारण तितकेच अंश प्रोसेसर वर जातो. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं मशीन मे महिन्यात ३८ च्या खोलीत ८४ दाखवेल. त्यामुळे चाचणी सकाळी नको, उन्हाळ्यातल्या दुपारी तीनला घ्या. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम चालू ठेवून अर्धा तास पूर्ण भार द्या. ८५ च्या आत राहिला तर निवांत. ९० च्या पुढे गेला तर आधी खुंट्या आणि पेस्ट तपासा, मग पंखे, आणि सगळं ठीक असेल तरच नवा कूलर.

वर्कशॉपवाल्यांना वेगळं सांगतो. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ वीज वाहून नेते. ती बोर्डावर बसली की प्रश्न नुसत्या गरमीचा राहत नाही. पुढच्या पंख्याला बारीक नायलॉनची जाळी लावा, दर पंधरवड्याला झटका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. कॅबिनेट जमिनीवर तर नकोच. धूळ खालीच जास्त, आणि २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी ज्यांच्या दुकानात शिरलं त्यांना कारण सांगायची गरज नाही.

पेस्ट दर वर्षी बदलायचा नाद नको. चाचणीच्या दिवशीचा आकडा आणि खोलीचं तापमान खडूनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. धूळ काढूनही त्याच उन्हाळी दुपारी आकडा आठ-दहा अंशांनी वर दिसला, तेव्हा बदला. दाजींच्या कॅबिनेटमध्ये लिहिलंय: ७४, खोली ३६.