घरोघरी सर्व्हेत कोण कामावर, कोण बेकार हे कसं ठरवावं

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या एखाद्या गल्लीत "मावशी, तुम्ही काय काम करता?" असं विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "काय न्हाई, घरातच असतो की." आणि हे सांगताना मांडीवरच्या सुपात विड्या वळणं चालूच असतं. फॉर्म भरणारा 'घरकाम' लिहून पुढच्या दाराशी जातो, आणि त्या बाईचं काम कागदावर येतच नाही. तुमचा सर्व्हे कॉलेजच्या प्रकल्पाचा असो, संस्थेचा असो की सरकारी, हे टाळता येतं. त्यासाठी कामाचं नाव विचारत बसू नका. ठरावीक दिवसांत हातांनी काय काय केलं, ते विचारा.

पुढची पद्धत केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची आहे. हा सर्व्हे एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची रचना बदलली, आणि एप्रिल २०२५ पासूनचे आकडे दर महिन्याला येतात. तुमचे आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे असतील, तर व्याख्याही त्याच ठेवा.

आधी घरात माणसं किती, ते पक्कं करा. एका चुलीवर जेवतात ते एक घर. मुलगा कारखान्यात कामाला म्हणून गोव्याला किंवा पुण्याला गेलाय आणि सहा महिन्यांहून जास्त तिथंच राहणार आहे, तर तो या घरात धरायचा नाही. दोन महिन्यांसाठी गेला असेल तर धरायचा. पाहुणे सोडून द्या.

मग काळ ठरवा. दोन खिडक्या लागतात: तुम्ही दाराशी गेलात त्याच्या आधीचे सात दिवस, आणि मागचं पूर्ण वर्ष. सात दिवसांची तारीख फॉर्मवर वरच लिहा, आणि विचारताना "गेल्या सोमवारपासून काल रविवारपर्यंत" असं दिवसांची नावं घेऊन विचारा. "सध्या" किंवा "हल्ली" म्हणालात, की प्रत्येक जण आपापल्या मनातला काळ धरतो.

आता मुख्य प्रश्न. सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास तरी काम केलं का? केलं असेल, तर तो माणूस त्या आठवड्यापुरता कामावर आहे. उरलेले सहा दिवस तो कट्ट्यावर बसला असला तरी हेच उत्तर. एक तास फार थोडा वाटतो, पण जगभर हाच निकष चालतो. म्हणूनच कामाचे तास वेगळ्या रकान्यात न चुकता लिहा, नाहीतर तासाभराचं काम आणि पूर्ण आठवड्याची राबणूक एकाच ओळीत बसते.

'काम' म्हणजे काय, इथेच सगळं अडतं. विकायला किंवा पैशासाठी केलेलं सगळं काम आहेच. आपल्या देशात घरच्या खाण्यासाठी पिकवलेलं धान्य आणि घरच्यापुरतं काढलेलं दूधही कामात धरतात. खानापूरकडं भात घरी खाण्यापुरतंच पिकवणारा माणूस त्यामुळे कामावर ठरतो. (आंतरराष्ट्रीय व्याख्येत २०१३ पासून हे रोजगारात धरत नाहीत. परदेशी अहवालाशी तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवा.) स्वयंपाक, धुणी-भांडी, पोरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं मात्र या मोजणीत काम धरत नाहीत. सरपण गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणकाम यांची घरकामासोबत ९३ या कोडनं (पीएलएफएसमध्ये प्रत्येक प्रकाराला असा दोन आकडी कोड असतो) वेगळी नोंद होते, पण तेही 'कामावर' नाही. मला हा नियम अन्यायाचाच वाटतो. तरी नोंद नियमानंच करा आणि आपलं मत अहवालात लिहा.

बायकांना एकच प्रश्न विचारून थांबू नका. असं विचारत जा: "आक्का, धारा कोण काढतं? वैरण कोण आणतं? डेअरीला दूध कोण घालतं? भांगलायला गेला होता का, स्वतःच्या रानात की दुसऱ्याच्या? विड्या, शिवण, पापड असलं काही करता का?" म्हशीच्या धारा काढणारी, शेण-वैरण बघणारी बाई घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस आहे. तिचं कोड २१. डेअरीचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून ती ९२, म्हणजे 'फक्त घरकाम' होत नाही.

एक तासही काम नसेल, तर पुढं दोन वाटा आहेत. काम आहे, पण या आठवड्यात गेला नाही, असं असू शकतं. वडगावातल्या विणकराचा स्वतःचा माग सूत आलं नाही म्हणून बंद होता, किंवा उद्यमबागेतल्या फौंड्रीतला पगारी कामगार लग्नासाठी रजेवर होता, तर दोघंही कामावरच धरायचे. रोजंदारीच्या माणसाचं तसं नाही. नाक्यावर उभा राहिला आणि कुणी नेलं नाही, तर त्याला परत बोलावणारी जागाच नसते. त्याला विचारा: काम शोधलं का? शोधलं असेल तर बेकार, कोड ८१. शोधलं नाही, पण मिळालं असतं तर गेला असता, तर ८२, तोही बेकारच. दोन्ही नसेल तर तो श्रमबलाच्या (कामावर असलेले आणि बेकार मिळून) बाहेर: विद्यार्थी ९१, पेन्शनवर जगणारा ९४, असं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आपल्याकडं पुष्कळ. पेन्शन ऐकून लगेच ९४ टाकू नका. तो स्वतःचं रान करत असेल किंवा कुठं सिक्युरिटीला जात असेल, तर कामावरच आहे.

कामावर असलेल्यांची वर्गवारी करताना तीन गोष्टी विचारा: तोटा झाला तर कुणाचा, काम कसं करायचं हे कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात येतात. स्वतःचा धंदा किंवा वाट्यानं केलेली शेती म्हणजे ११. मळणीला चार दिवस माणसं लावली तरी ११च. धंदा मुख्यतः पगारी माणसांवर चालत असेल, तरच मालक, १२. नियमित पगार किंवा मजुरी ३१, आणि दुसऱ्याच्या मागावर बारमाही काम करणारा नगावर पैसे घेत असला तरी ३१च. रोजावर किंवा हंगामी करारावर जाणारा ५१. मुकादमाकडून उचल घेऊन आलेलं ऊसतोडीचं जोडपं यातच बसतं. रोजगार हमीची मजुरी ४२. आपल्याकडं विचारताना तिचं कानडी नाव 'उद्योग खात्री' घ्या, लगेच कळतं.

विडीवालीचं काय? पान-तंबाखू कंत्राटदाराचा, हजारामागं दर त्याचाच, पण जागा आणि वेळ तिची. पीएलएफएसच्या पद्धतीत ती स्वयंरोजगारात, म्हणजे ११ मध्ये जाते, आणि शेजारी बसून मदत करणारी मुलगी २१ मध्ये. दरावर जिचा काही ताबा नाही, तिला दुकानदाराच्या रांगेत बसवणं खटकतंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं अशा लोकांसाठी 'अवलंबित कंत्राटी' असा वेगळा गट मान्य केला. तुमच्या फॉर्ममध्ये "कच्चा माल कुणाचा? दर कोण ठरवतं?" हे दोन रकाने वाढवा. पुढं वेगळा हिशोब करता येतो.

वर्षाची खिडकी दोन टप्प्यांत पाहायची. समजा एखाद्या पोरानं वर्षात चार महिने टेंपो चालवला, तीन महिने काम शोधलं, पाच महिने शिकला. सगळ्यात जास्त शिक्षणच दिसतं, म्हणून 'विद्यार्थी' लिहायचा मोह होतो. पण काम आणि शोध मिळून सात महिने, म्हणजे तो श्रमबलात आहे. मग त्या सातात चार कामाचे, तीन शोधाचे, म्हणून तो कामावर. याच हिशोबानं, चार महिने घरच्या रानात राबलेली आणि आठ महिने फक्त घरकाम केलेली बाई मुख्य नोंदीत ९२ ठरते. म्हणून दुय्यम काम विचारायलाच हवं: वर्षात ३० दिवस किंवा जास्त केलेलं काम तिथं येतं, आणि तिची २१ ची नोंद तिथं सापडते. हा रकाना रिकामा सोडणं ही सगळ्यात महाग चूक.

लोक कामं लपवतात त्यालाही कारण असतं. रेशनकार्ड जाईल, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये बंद होतील, ही भीती खरी असते. आयकर किंवा जीएसटी भरणाऱ्या घराला ती योजना मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा सर्व्हे कशासाठी आहे आणि नाव कुठं जाणार नाही, हे प्रश्नांआधी सांगा, आणि सांगितलं ते पाळा. दारात सासरा किंवा नवरा उत्तरं देत असेल, तर बाईचे प्रश्न तिलाच विचारायची परवानगी मागा.

फॉर्मवर कोडच्या शेजारी कामाचं वर्णन माणसाच्या शब्दांत एका ओळीत लिहा: "शेजाऱ्याच्या रानात दोन दिवस भुईमूग काढला, रोजावर." कोड चुकला तर ही ओळ वाचून दुरुस्त करता येतो, ओळच नसेल तर काही करता येत नाही. संध्याकाळी गाव सोडण्याआधी त्या दिवसाचे ९२चे सगळे फॉर्म बाजूला काढा आणि घरात जनावरं किती, रान किती हे रकाने पाहा. दोन म्हशी आणि एकही मदतनीस नाही असा फॉर्म दिसला, तर त्या घरी परत जाऊन धारा कोण काढतं ते विचारा.